कण्यातला करंट कुणाच्या दुखण्यावर?

पाठीच्या कण्यात बारीक तार सरकवायची, कमरेवर कातडीखाली काडेपेटीएवढं यंत्र शिवून टाकायचं आणि नसांचं दुखणं रिमोटने आटोक्यात ठेवायचं, या उपचाराला वैद्यकात स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेशन म्हणतात. मुंबईत जसलोकसारख्या रुग्णालयात तो कित्येक वर्षं होतो आहे. खर्च काही लाखांत जातो, त्यामुळे आजवर तो ऐपतदारांचाच विषय राहिला. त्याची बाजू घेणारे आता पुढचा युक्तिवाद करतात. नसेला इजा झाल्याने होणारं दुखणं साध्या वेदनाशामकांना दाद देत नाही. असे रुग्ण बल्लारपूरच्या कोळसा खाणींत आणि कागद कारखान्यात राबणाऱ्यांत आहेत, गडचिरोलीत वाकून रोवणी करणाऱ्या बायकांतही आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं संरक्षण आता पाच लाखांपर्यंत गेलं आहे. मग हे यंत्र योजनेत का नको, आणि चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ते का बसवलं जाऊ नये? युक्तिवादामागची तळमळ खोटी नाही. पण ज्या पुराव्यावर तो उभा आहे तो चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतल्या रुग्णांचा नाही, आणि ज्या रुग्णांचा आहे त्यांच्या बाबतीतही गेल्या काही वर्षांत तो बराच खिळखिळा झाला आहे. आज हे यंत्र योजनेच्या यादीत घालणं म्हणजे ज्यांचं दुखणं अजून कुणी नीट तपासलेलंसुद्धा नाही, त्यांच्या नावावर दुसऱ्यांच्याच उपचाराचं बिल फाडणं होईल.

आधी यंत्राचं मूळ पाहू. १९६५ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात वेदनेची एक नवी मांडणी केली. मज्जारज्जूत एक फाटक आहे. स्पर्शाचे जाड तंतू ते लोटून घेतात, वेदनेचे बारीक तंतू ते उघडतात. कोपर आपटलं की माणूस ते चोळतो आणि दुखणं थोडं उतरतं, यामागचं कारण या मांडणीतून पटण्यासारखं दिसलं. मग चोळण्याऐवजी विजेनेच स्पर्शाच्या तंतूंना चेतवलं तर? मज्जारज्जूच्या मागच्या बाजूने हे तंतू जुडगा करून मेंदूकडे जातात, तिथे इलेक्ट्रोड टेकवला की दुखऱ्या भागात मुंग्या येतात आणि वेदना झाकली जाते. १९६७ मध्ये क्लीव्हलंडचे शल्यविशारद नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णावर हा पहिला प्रयोग केला. पुढे खुद्द शीलींचाच या रोपणावरचा उत्साह ओसरला, हे माहितीपत्रकांत छापलं जात नाही. फाटकाची कल्पना तपशिलात पुष्कळ बदलली, पण यंत्र राहिलं, बॅटऱ्या लहान झाल्या, कंपन्या मोठ्या झाल्या. (कमरेखाली लुळा पडलेला माणूस कण्यातल्या विजेने पावलं टाकतो असे जे व्हिडिओ फिरतात, त्यांचा इथे संबंध नाही. ते संशोधन निराळं, रुग्ण निराळे.)

या उपचाराच्या बाजूने नेहमी पुढे केल्या जाणाऱ्या दोन चाचण्या आहेत, आणि त्या टाकाऊ नाहीत. पहिली नेदरलँड्समधल्या केम्लर आणि सहकाऱ्यांची, २००० साली प्रसिद्ध झालेली. हात किंवा पाय दुखावल्यावर जखम भरूनही आग, सूज आणि कातडीचा रंग बदलणं चालूच राहतं अशा विकाराचे ५४ रुग्ण त्यांनी घेतले. ३६ जण स्टिम्युलेटर आणि व्यायामोपचाराच्या गटात, १८ जण नुसत्या व्यायामोपचाराच्या. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची वेदना दहा सेंटिमीटरच्या पट्टीवर सरासरी २.४ सेंटिमीटरने उतरली, दुसऱ्याची जिथल्या तिथे राहिली. पण पाच वर्षांनी मोजलं तेव्हा दोन गटांतला लक्षणीय फरक नाहीसा झाला होता. दुसरी चाचणी कॅनडाच्या कृष्ण कुमार यांच्या नेतृत्वाखालची, २००७ ची. पाठीची शस्त्रक्रिया होऊनही पाय दुखतच राहिलेले १०० रुग्ण. सहा महिन्यांनी यंत्र बसवलेल्यांपैकी ४८ टक्क्यांचं पायाचं दुखणं निम्म्यावर आलं, औषधं चालू ठेवलेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांचं. वर्षभरात सुमारे ३२ टक्के यंत्रधारकांना यंत्राशी संबंधित काही ना काही गुंतागुंत झाली, आणि चाचणीचा खर्च यंत्र बनवणाऱ्या कंपनीने उचलला होता, हेही त्याच पानांवर आहे. मुख्यतः अशाच चाचण्यांच्या आधारावर ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००८ मध्ये उपचाराला मान्यता दिली. तीसुद्धा अटी घालून: दुखणं किमान सहा महिन्यांचं, नेहमीचे उपचार करून झालेले, आणि आधी तात्पुरती तार घालून चाचपणी केलेली.

या चाचण्यांचं दुबळेपण टक्केवारीत दिसत नाही, ते रचनेत आहे. मुंग्या येत असल्याने यंत्र चालू आहे की बंद हे रुग्णाला कळतंच. त्याला माहीत असतं की आपल्याला नवं, महागडं, विजेवरचं यंत्र मिळालं आणि शेजारच्याला तीच जुनी गोळी मिळाली, जी त्याच्यावर आधीच निकामी ठरली होती. अशा तुलनेत नव्या उपचाराची सरशी व्हायची नाही तर काय? आशेचा स्वतःचा एक परिणाम असतो, आणि शस्त्रक्रियेतून आलेल्या आशेचा तो गोळीतून आलेल्या आशेपेक्षा मोठा असतो. मुंग्या न आणणाऱ्या नव्या पद्धती निघाल्या तेव्हा प्रथमच खरी परीक्षा घेणं शक्य झालं. नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला हारा आणि सहकाऱ्यांनी ती घेतली, निष्कर्ष २०२२ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय दुखणारे ५० रुग्ण, सर्वांच्या अंगात यंत्र, प्रत्येकाला तीन-तीन महिन्यांचे चार टप्पे: दोनदा यंत्र चालू, दोनदा बंद. क्रम चिठ्ठी टाकून ठरवलेला, रुग्णाला आणि तपासणाऱ्याला ठाऊक नसलेला. अपंगत्वाचा निर्देशांक यंत्र चालू असताना सरासरी १०.६ गुणांनी सुधारला आणि बंद असताना ९.३ गुणांनी. म्हणजे सुधारणा झालीच, पण जवळपास सगळी सुधारणा विजेशिवायही झाली.

यावर यंत्राच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणतात, नॉर्वेत वापरलेली विद्युतलहरींची रचना नेहमीची नव्हती, आणि एका छोट्या चाचणीवरून साठ वर्षांचा अनुभव फेकून देता येत नाही. पहिला आक्षेप काही अंशी खरा आहे. एका प्रकारच्या लहरी अपयशी ठरल्या म्हणून सर्व प्रकारच्या ठरत नाहीत. पण मग दुसऱ्या प्रकारच्या लहरी याच कसोटीवर उतरवून दाखवण्याची जबाबदारी कुणाची? विकणाऱ्याची की विकत घेणाऱ्या सरकारची? साठ वर्षांच्या अनुभवाबद्दल बोलायचं तर रुग्णाच्या अंगातून रक्त काढायचा अनुभव कितीतरी शतकांचा होता. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने कंबरदुखीवरच्या १३ चाचण्यांचा, ६९९ रुग्णांचा, एकत्र आढावा घेतला आणि चाचणीबाहेर हा उपचार वापरण्याला उपलब्ध पुरावा आधार देत नाही असं म्हटलं. हा आढावा कंबरदुखीचा आहे, पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यापुरता नाही, हा बचावही मला मान्य आहे. मात्र त्याच वर्षी अमेरिकेतल्या विमानोंदींचा अभ्यास आला. यंत्र बसवलेल्या १,२६० रुग्णांची त्यांच्याशी मिळत्याजुळत्या, पण यंत्र न बसवलेल्या रुग्णांशी तुलना झाली. दोन वर्षांत अफूजन्य औषधांचा वापर कमी झाला नाही, इंजेक्शनं आणि शस्त्रक्रिया टळल्या नाहीत. सुमारे १८ टक्क्यांना गुंतागुंत झाली, आणि २२ टक्क्यांची यंत्रं काढावी किंवा दुरुस्त करावी लागली. तार सरकते, जखम पिकते, बॅटरी संपते. अमेरिकेत ही दुरुस्ती विमा करतो. इथे कोण करणार, हे योजनेची मागणी करणाऱ्यांनी अजून सांगितलेलं नाही.

इथे एक प्रामाणिक हरकत येते, आणि ती मला सर्वांत अवघड वाटते. केम्लर यांच्या रुग्णांना पाच वर्षांनी विचारलं, एवढाच गुण येणार हे माहीत असताना पुन्हा हे यंत्र बसवून घ्याल का? ९५ टक्क्यांनी हो म्हटलं. दुखणं ज्याचं त्यालाच कळतं. तो समाधानी असेल तर आकडेवारी हातात धरून त्याला खोटं पाडणारे आपण कोण? मी त्याला खोटं पाडत नाही. त्याचा आराम खरा आहे. प्रश्न त्या आरामाचं श्रेय कशाला द्यायचं एवढाच आहे. वर्षानुवर्षं कुणी विश्वास न ठेवलेल्या माणसाला एक अख्खं पथक मिळतं, ते त्याची वेदना मोजतं, लिहून ठेवतं, दर महिन्याला बोलावून विचारतं, यंत्र जुळवून देतं. नॉर्वेतली सुधारणा यंत्र बंद असतानाही झाली ती बहुधा यातूनच. हा आराम कण्यात तार न घालता, सुई-चिऱ्याविना देता येत असेल, तर सरकारी पैसा आधी तिकडे जायला हवा.

आता बल्लारपूरकडे येऊ, कारण माझ्या विरोधाचा गाभा इथेच आहे. नसेची इजा ही सर्वत्र एकच गोष्ट नसते. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यातल्या रस्त्यांवर कोळशाचे ट्रक आणि मोटारसायकली एकाच डांबरावरून धावतात. मोटारसायकलवरून उडालेला तरुण खांद्यावर आपटतो, डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे ताणला जातो, आणि हाताकडे जाणाऱ्या नसांची मुळं मज्जारज्जूतून उपटली जातात. हात लुळा पडतो. काही दिवसांत त्या लुळ्या, काही न कळणाऱ्या हातात आग सुरू होते, आणि अधूनमधून करंट लागावा तशी चमक खांद्यापासून बोटांपर्यंत जाते. नसेच्या दुखण्यातलं हे सर्वांत क्रूर दुखणं, आणि रुग्ण बहुधा विशीतला. यंत्राचं माहितीपत्रक वाचून कुणालाही वाटेल, हाच तर त्याचा खरा लाभार्थी. पण यंत्र काम करतं ते स्पर्शाच्या तंतूंना चेतवून, आणि ते तंतू मज्जारज्जूत शिरतात ते याच मुळांतून. मूळ उपटलं की त्या भागाचे मज्जारज्जूतले तंतू आपल्या पेशीपासून तुटतात आणि मरून जातात. तार कुठेही टेकवा, चेतवायला तिथे काही उरलेलंच नसतं. म्हणूनच या दुखण्यासाठी अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या ब्लेन नॅशोल्ड यांनी १९७० च्या दशकात निराळी शस्त्रक्रिया रुळवली: मूळ जिथून उपटलं गेलं तिथलाच बिघडलेला भाग जाळून टाकण्याची. ती धोक्याची आहे, मोजक्याच हातांनी करावी, पण तिचा तर्क तरी इजेशी जुळतो. झाडावरून किंवा खाणीत पडून मज्जारज्जू पूर्ण तुटलेल्यांच्या बाबतीतही यंत्राची हीच अडचण. हात लुळा पडलेल्या त्या मुलासाठी खरी शर्यत वेगळीच असते. नसांची जोडणी वा बदली अपघातानंतर साधारण सहा महिन्यांच्या आत झाली तर हातात काही हालचाल परतण्याची शक्यता असते. त्या मुदतीत त्याला नागपूरला पोहोचवणारी चिठ्ठी बल्लारपूरच्या ग्रामीण रुग्णालयातून निघते का, हा प्रश्न कोणत्याही यंत्राच्या आधीचा आहे.

दुसरा रुग्ण या जिल्ह्यांचा अगदी स्वतःचा आहे. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये आनंदवनाचं काम सुरू केलं तेव्हा या भागात कुष्ठरोग ओळखीचा होता. देशपातळीवर डिसेंबर २००५ मध्ये कुष्ठरोगाचं सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचं जाहीर झालं, तरी चंद्रपूर आणि गडचिरोली आजही राज्यातल्या जास्त रुग्णांच्या जिल्ह्यांत मोडतात. कुष्ठरोगाचा जंतू नसेच्या आवरणातच घर करतो. चट्टा बधिर होतो, म्हणून सर्वांचा समज असा की या रोगात दुखत नाही. जिथे टाचणी टोचलेली कळत नाही तिथे आग कशी होईल, असं काही डॉक्टरांनाही वाटतं. ती होते. मुंबईत उपचार पूर्ण झालेल्या १०१ कुष्ठरुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात २२ टक्क्यांना नसेच्या इजेचं दुखणं होतं. दर पाचात एकाहून जास्त. आणि ते शोधायला लागतं काय? दहा प्रश्नांचा एक कागद आहे. आग होते का, गार चटके बसतात का, करंट लागतो का, मुंग्या येतात का, सुया टोचतात का, सुन्न वाटतं का, खाज येते का, हे सात प्रश्न रुग्णाला विचारायचे. उरलेले तीन हाताने तपासायचे: कापूस फिरवलेला कमी कळतो का, टाचणी टोचलेली कमी कळते का, आणि मऊ ब्रश फिरवल्यावर उलट दुखतं का. दहापैकी चार हो आले की दुखणं नसेचं, असं मानून पुढे जायचं. सोबत कोपराच्या मागे बोट फिरवून नस सुतळीसारखी जाड लागते का, दाबली की रुग्ण हात ओढतो का, ते बघायचं. पाच मिनिटांचं काम.

त्या पाच मिनिटांत आणखी एक गोष्ट ठरते, जी चुकली तर पुढचं सगळं वाया. कुष्ठरोगात नसेचं दुखणं दोन तऱ्हांचं असतं. एक जुनं, नस मेल्यानंतर उरलेलं. दुसरं ताजं, नस आत्ता सुजते आहे म्हणून होणारं. दुसऱ्यात प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारं औषध वेळेवर सुरू केलं तर हाताची बोटं वाचतात; उशीर झाला तर करंगळी आणि अनामिका वाकड्या होऊन तशाच राहतात. अशा नसेचं दुखणं नुसतं झाकणारा कोणताही उपचार, मग तो दहा रुपयांचा असो की दहा लाखांचा, रुग्णाचा हात घालवू शकतो. मघाशी सांगितलेल्या चाचण्यांच्या निकषांत कुष्ठरोग कुठेही नाही. त्या कण्याच्या शस्त्रक्रियांनंतरच्या किंवा हातापायाच्या त्या विकाराच्या, बहुतांशी युरोप-अमेरिकेतल्या रुग्णांवर बेतलेल्या आहेत. ती फूटपट्टी आणून आनंदवनाच्या परिसरातल्या माणसाला लावणं म्हणजे त्याच्या आजाराचं नाव न विचारता औषध लिहिणं.

मग उरले कंबर आणि पाय. सायटिका, नस दबणं, चमक भरणं. पुराव्याच्या सर्वांत जवळचे रुग्ण हेच, आणि संख्येनेही सर्वांत जास्त. गडचिरोलीत शोधग्रामच्या ‘सर्च’ संस्थेने ग्रामीण भागातल्या पाठदुखीचा प्रश्न गांभीर्याने मांडला आणि मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्यासारख्या कण्याच्या शल्यविशारदांना तिथल्या रुग्णांपर्यंत आणलं. हे काम महत्त्वाचं, कारण ते निवडीपासून सुरू होतं: कुणाला शस्त्रक्रिया लागेल, कुणाला व्यायाम पुरेल, कुणाला काहीच नको. पण यंत्राचा पुरावा ज्या गटात आहे, तो गट कण्याची शस्त्रक्रिया फसलेल्यांचा आहे. म्हणजे यंत्राचा पहिला हक्काचा ग्राहक तयार होतो तो आधीच्या ऑपरेशनमधून. ज्या शहरांत गरज नसताना कणा उघडला जातो त्या शहरांत या यंत्राची मागणी वाढली, तर तो योगायोग नसेल. गडचिरोलीच्या रोवणीतली बाई अजून त्या वाटेवर गेलेली नाही. तिला त्या वाटेने नेऊन मग शेवटी यंत्र द्यायचं, यापेक्षा वाटेच्या तोंडाशीच तपासून परत पाठवणं स्वस्त आहे आणि शहाणपणाचंही.

मधुमेहाबद्दल थोडक्यात. पायांची आग होणाऱ्या मधुमेहींवर अमेरिकेत २१६ रुग्णांची चाचणी झाली, २०२१ मध्ये छापली गेली. तीन महिन्यांत यंत्राच्या गटात ७९ टक्के आणि दुसऱ्या गटात ५ टक्के यश. आकडे डोळे दिपवणारे आहेत. पण याही चाचणीचा खर्च कंपनीचा, याही चाचणीत कुणाला काय मिळालं ते उघड. नेहमीचे उपचार चालू ठेवणाऱ्या गटात गुण फक्त ५ टक्क्यांना येतो, तेव्हा तो गट निराश होऊन बसला होता असाच अर्थ मी लावतो. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होतं आणि त्यानेही पाय जळतात. ते तपासायला कण्यात तार लागत नाही.

सर्वांत टोकदार हरकत समतेची आहे. श्रीमंताला यंत्र आणि गरिबाला गोळी, हा कुठला न्याय? त्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांटचा दाखला दिला जातो: तेही महाग होतं, आज केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून गरीब मुलांना मिळतं. दाखला चांगला आहे, फक्त तो उलट बाजूने लागू पडतो. कॉक्लिअर इम्प्लांट योजनेत आलं ते त्याने बहिऱ्या मुलाला ऐकू येतं हे निर्विवाद सिद्ध झाल्यावर, आणि त्यासोबत वाचा-उपचाराची जोड असावी लागते हे मान्य करून. स्टिम्युलेटरला पहिली अट पुरी करता आलेली नाही, आणि दुसरी चंद्रपूर-गडचिरोलीत पुरी करणं आज शक्य नाही. यंत्र अंगात असलेल्या माणसाला शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देणं जिवावर बेतू शकतं, आणि तालुक्याच्या फिजिओथेरपी दवाखान्यात कंबर दुखते म्हटलं की अनेकदा पहिल्यांदा तोच शेक मिळतो. वेल्डिंग आणि मोठ्या विद्युत यंत्रांजवळ सावध राहायला कंपन्याच सांगतात. खाण, कागद कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र यांवर पोट असलेल्या पट्ट्यात ही सूचना म्हणजे कामावरून काढून टाकण्यासारखी. पुन्हा चार्ज करावं लागणारं यंत्र वीज जाणाऱ्या पाड्यावर कसं चालवायचं? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. तेव्हा कमरेवरची जखम पिकली तर ती कुणी उघडायची? श्रीमंत रुग्णाला यंत्राबरोबर फोनवर येणारा डॉक्टर, गाडी आणि रजा मिळते. गरिबाला नुसतं यंत्र देणं ही समता नव्हे, हे तर अर्धंच दान.

‘पण गोळ्या तरी कुठे लागू पडतात?’ हा प्रश्नही योग्य आहे, आणि उत्तर फार अभिमानाने देता येत नाही. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार अ‍ॅमिट्रिप्टिलिनच्या वर्गातली औषधं साधारण चार जणांना दिली तर एकाला, रिकाम्या गोळीपेक्षा वर, चांगला गुण येतो. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन सात-आठ जणांत एकाला. हे यश माफकच आहे. तोंड कोरडं पडतं, सकाळी डोळे उघडत नाहीत, प्रोस्टेटच्या आणि हृदयाच्या रुग्णांत जपून द्यावं लागतं. तरीही दोन गोष्टी गोळीच्या बाजूने आहेत. हे माफक यश खोट्या गोळीशी आंधळी तुलना करून मिळालेलं आहे, म्हणजे यंत्राला जी परीक्षा जड गेली ती या औषधांनी दिलेली आहे. आणि गोळी नको वाटली तर हळूहळू कमी करून थांबवता येते. कण्यात बसवलेली तार काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. अ‍ॅमिट्रिप्टिलिन महिन्याला मोजक्या रुपयांत मिळतं. बल्लारपूरच्या रुग्णाला मात्र ते न मिळता बहुतेक वेळा डायक्लोफेनॅक मिळतं, जे नसेच्या दुखण्यावर चालत नाही आणि मूत्रपिंडावर मात्र चालतं. यंत्र उपलब्ध नाही ही इथली अडचण नाहीच. साधं औषधही योग्य रुग्णापर्यंत पोहोचत नाही, ही आहे.

माझं म्हणणं वाचून काही अधिकारी खूश होतील याची मला धास्ती आहे. ‘दुखण्याने कुणी मरत नाही, सहन करावं’ असं मानणारी एक जात सरकारी खात्यांत नेहमीच असते, आणि तिला खर्च टाळायला निमित्त हवं असतं. त्यांना या लेखातून काही मिळणार नाही. यंत्र नको म्हणजे काहीच नको असं मी म्हणत नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पाय असह्य दुखतच राहिलेले आणि केम्लर यांच्या रुग्णांसारखे हातापायाच्या विकाराचे मोजके रुग्ण यांच्यासाठी हा उपचार सरकारने नागपुरात एका ठिकाणी, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा एम्समध्ये, जरूर सुरू करावा. पण प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून, नॉर्वेसारखे यंत्र चालू-बंदचे आंधळे टप्पे घेऊन, आणि दुरुस्ती, बॅटरी, यंत्र काढणं या सगळ्यांचा खर्च पाच वर्षांपर्यंत त्याच पॅकेजमध्ये धरून. निकाल चांगले आले तर योजनेची यादी वाढवायला माझा विरोध नसेल. कंपनीला ही अट मान्य नसेल तर तिने यंत्र खाजगीत विकावं. त्याआधी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात नसेच्या दुखण्याचा बाह्यरुग्ण विभाग आठवड्यातून एकदा भरावा, त्यात तो दहा प्रश्नांचा कागद असावा, कापूस, टाचणी आणि ब्रश असावा, औषधांच्या यादीत अ‍ॅमिट्रिप्टिलिन आणि गॅबापेंटिन असावं, आणि हात लुळा पडलेल्या मोटारसायकलस्वाराला नागपूरला पाठवण्याची मुदत भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. यातलं एकही काम विधिमंडळाच्या मंजुरीसाठी अडलेलं नाही.